संसाराचा ताळेबंद : पाव किलो कोंबडीचा हिशेब



नांदगाव तालुक्यातली आपली तरुण मुले आता व्यायामाला जाऊ लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. तिथे त्यांना सांगतात, कोंबडीच्या छातीचे मांस खा आणि कॅलरी मोजा. मुलगा घरी येऊन आईला विचारतो, पाव किलोत किती कॅलरी? आई काय सांगणार! पण हा हिशेब अवघड नाही. ज्याला किराण्याची वही मांडता येते, त्याला हाही मांडता येईल.

कॅलरी म्हणजे उष्मांक. अन्नातून अंगाला मिळणाऱ्या ताकदीचे ते माप आहे. एक ग्रॅम प्रथिनांतून ४ उष्मांक मिळतात आणि एक ग्रॅम चरबीतून ९. कोंबडीच्या छातीचे मांस कातडी व हाड काढून घेतले, तर १०० ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने आणि ३ ग्रॅमपर्यंत चरबी असते. २२ चोक ८८ आणि ३ नव्वे २७, बेरीज ११५. हिशेबाला सोपे म्हणून १२० धरा. म्हणजे पाव किलोचे ३००, अर्धा किलोचे ६००.

आता चूक कुठे होते ते पाहा. मांस शिजले की त्यातले पाणी निघून जाते आणि वजन साधारण पाव हिश्श्याने घटते. पाव किलो कच्चे मांस शिजून १९० ग्रॅमच्या आसपास भरते. उष्मांक मात्र तेवढेच, ३०० राहतात. शिजलेले मांस तोलून त्याला कच्च्याचा भाव लावला, तर २२८ च येतात, म्हणजे जमाखर्चात ७२ ची तूट. म्हणून नेहमी कच्चेच तोला. शिजलेलेच तोलायचे असेल तर १०० ग्रॅमला १६० धरा. हाडासकट आणले असेल तर जेवणानंतर उरलेली हाडे तोलून कच्च्या वजनातून वजा करा. अगदी तंतोतंत नाही, पण घरच्या वहीला पुरे. कातडी ठेवली किंवा तंगडीचे मांस घेतले, तर चरबी वाढते आणि आकडाही वाढतो.

दुसरी बाजू तेलाची. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १४ ग्रॅम, उष्मांक सव्वाशे. तर्री यावी म्हणून चार चमचे टाकले की ५०० झाले. म्हणजे पाव किलो कोंबडीपेक्षा तिच्यावरचे तेलच भारी! ज्यांना वजन उतरवायचे आहे त्यांनी कोंबडीला दोष देण्याआधी तेलाच्या पळीकडे पाहावे.

हा झाला भांड्याचा हिशेब. खरा प्रश्न वाट्याचा आहे. अर्धा किलो मांसात ११० ग्रॅम प्रथिने आली. घरात पाच माणसे, तर प्रत्येकी २२ ग्रॅम. पंचावन्न किलोच्या बाईला दिवसाला ४६ ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतात. म्हणजे एका जेवणात तिची जवळजवळ निम्मी गरज भागली. पण भागते का? पहिले वाढप बापाला, मग मुलाला, मग मुलीला, आणि आईच्या ताटात रस्सा व भाकरी. रश्शात तेल-मसाला आहे, पण प्रथिने फोडींत आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. मुलगा काट्यावर मांस तोलतो तेव्हा त्याच काट्यावर आईचा वाटाही तोलला पाहिजे. समता ही भाषणात सांगायची गोष्ट आहे, तशी ती ताटात वाढायचीही गोष्ट आहे.

कोंबडी रोज परवडत नाही, हे खरे. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिने असतात, १०० ग्रॅम हरभरा डाळीत २० च्या आसपास. हीच रीत त्यांनाही लावा. महागड्या पावडरीच्या डब्यावर पगार उधळण्याआधी घरातल्या डाळीचा हिशेब करावा.

उष्मांक हा काही फक्त पहिलवानांचा विषय नाही. कामगाराचे वेतनही त्यावरच मांडले गेले आहे. आपल्याच तालुक्यात, मनमाडला, १२ व १३ फेब्रुवारी १९३८ ला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असे त्यांनी तिथे बजावले. पुढे १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाची रीत ठरवली. आहारतज्ज्ञ डॉ. आयक्रॉइड यांच्या हिशेबाप्रमाणे तिच्यात कष्टकरी माणसाला दिवसाला २७०० उष्मांक धरले होते. सातव्या वेतन आयोगाने १८,००० रुपयांचे किमान वेतन याच रीतीने काढले. पगार मागताना ताटाचा हिशेब ज्याला मांडता येतो, त्याला कोणी सहज फसवू शकत नाही.

आणि मोजून खाणे आपल्याला नवे नाही. संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची कथा आहे. तो द्रोणभर भात खाऊन धापा टाकत भगवान बुद्धांकडे आला. भगवंतांनी त्याला मात्रा ओळखून जेवण्याची गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला रोज जेवताना ती म्हणायला लावली आणि हळूहळू तो नाळीभर भातावर आला. राजाला कमी खाण्याची मात्रा शिकायची होती. आपल्या घरात कोणाला कमी करायचे आहे, तर कोणाला वाढवायचे आहे. मात्रा दोघांनाही हवी.

येत्या रविवारी बाजारातून कोंबडी आली की घरातल्या शाळकरी मुला-मुलींच्या हाती वही द्या. कच्चे वजन, तेलाचे चमचे आणि माणसे लिहू द्या. भागाकार त्यांनाच करू द्या. आणि पहिले वाढप त्या दिवशी आईच्या ताटात होऊ द्या.

नमो बुद्धाय, जयभीम!