पडद्यावरचा उन्हाळा कुणाचा?

एप्रिल-मे महिना आला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि दूरचित्रवाणीवर उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आठवणींना ऊत येतो. मामाचा गाव, चौसोपी वाडा, आंब्याची अढी, अंगणातल्या कुरडया, विहिरीत मारलेले सूर. हा साचा इतका पक्का झाला आहे की शाळेत 'माझी उन्हाळ्याची सुट्टी' हा निबंध लिहिताना आमच्या वस्तीतील मुलेही तोच गिरवतात. ज्याच्या मामाच्या दारात झाड नाही आणि सुट्टीभर जो वीटभट्टीवर आईबापाच्या हाताखाली असतो, तो मुलगाही आमराईवर दहा ओळी लिहून मोकळा होतो. त्याने ही आमराई पाहिली कुठे? पडद्यावर.

आमचा प्रश्न साधा आहे. जी आठवण आपली नाही, ती आपल्या लेकरांच्या तोंडी कुणी घातली?

सिनेमाची ताकद मोठी आहे. पुस्तक वाचायला अक्षरओळख लागते, सिनेमाला फक्त डोळे लागतात. म्हणूनच एका वर्गाने जगलेला उन्हाळा बघता बघता साऱ्या महाराष्ट्राचा उन्हाळा होऊन बसला. 'मामाच्या गावाला जाऊ या' या नावाचाच चित्रपट २०१४ साली आला. त्याआधी २०१० साली उमेश कुलकर्णी यांचा 'विहीर' प्रदर्शित झाला. त्यातही आजोळचे गाव, एकत्र जमलेले कुटुंब आणि विहिरीत पोहणारी भावंडे आहेत. चित्रपट उत्तम आहे. आमचे भांडण त्याच्याशी नाही. ज्याने जे जगले ते त्याने दाखवावे, तो त्याचा हक्कच आहे. पण विहीर म्हटले की या समाजातील प्रत्येकाला पोहणेच आठवते, असे जर कुणी समजत असेल तर त्याला थांबवणे भाग आहे.

आमच्या आज्यांना विहीर आठवते ती वेगळ्या कारणाने. उन्हाळ्यात गावचे पाणी आटले की विहिरीपासून दूर, हंडे ठेवून, कुणी वरून पाणी ओतील याची वाट पाहत त्यांना बसावे लागे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले, तेव्हाही उन्हाळा तोंडावर आला होता. तो सत्याग्रह तहान भागवण्यासाठी नव्हता, माणूस म्हणून समान हक्क सांगण्यासाठी होता. 

हा जुना इतिहास झाला, असे कुणी म्हणेल. जून २०१८ मध्ये जळगाव जिल्ह्यातील जामनेर तालुक्यात, वाकडी गावी काय घडले? विहिरीत पोहले म्हणून मातंग समाजाच्या अल्पवयीन मुलांना विवस्त्र करून मारले गेले आणि त्याचे चित्रीकरण फिरवले गेले. ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. आरोपी भटक्या जमातीतला निघाला, तेव्हा काहींनी 'मग यात जात कुठे आली?' असा सूर लावला. उलट जात इतकी खोल मुरली आहे की स्वतः उतरंडीवर खाली असणाऱ्यालाही आपल्याहून खालचा कुणी तरी हवा असतो, हेच त्यातून दिसले. त्या मुलांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत जे केले ते पडद्यावर शेकडो वेळा गोड संगीतासह दाखवले गेले आहे. पडद्यावर ते बालपण ठरते. वाकडीत तो अपराध ठरला.

आम्ही वकिली करणारी माणसे आहोत, म्हणून आमच्या भाषेत सांगतो. दाव्यात एकच बाजू हजर राहिली तर हुकूम एकतर्फी होतो. उन्हाळ्याच्या बाबतीत पडद्यावर तसेच झाले. एका बाजूची साक्ष वर्षानुवर्षे झाली. दुसऱ्या बाजूला समन्सच गेले नाही. साहित्यात आपण स्वतः जाऊन उभे राहिलो. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली आले आणि आत्मकथनांनी मराठी साहित्याला जबानी ऐकायला भाग पाडले. कॅमेरा मात्र दीर्घकाळ दुसऱ्यांच्याच हाती राहिला.

तो नागराज मंजुळे यांच्या हाती आला तेव्हा काय झाले ते आपण पाहिले. 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी, ऐन सुट्टीत प्रदर्शित झाला. त्यातही विहीर आहे आणि पोहणारी पोरे आहेत. पण त्या पोरांना बाहेर निघण्याचा हुकूम सोडणारी पाटलाची आर्चीही आहे. पाणी कुणाचे आणि हुकूम कुणाचा, हे एका प्रसंगात कळते. मासेमारी करणाऱ्या घरातला परशा त्याच पाण्यावर प्रेमात पडतो आणि त्याचा शेवट काय होतो, हे सांगायला नको.

या चित्रपटाच्या दोन वर्षे आधी, २८ एप्रिल २०१४ रोजी, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा गावात सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो, हा त्याच्यावरचा आरोप होता. खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले. त्या मुलाचीही ती उन्हाळ्याची सुट्टीच व्हायची होती. न्यायालयात साक्ष मेली की काय होते हे आम्ही रोज पाहतो. म्हणूनच पडद्यावरच्या साक्षीला आम्ही नुसती करमणूक मानत नाही.

मात्र इथे एक धोका आहे आणि तो आपल्याच बाजूचा आहे. आमचा उन्हाळा म्हणजे केवळ तहान आणि मारहाण, एवढेच आपण सांगत बसलो तर प्रस्थापितांना ते सोयीचेच आहे. आनंद त्यांचा आणि दुःख आमचे, अशी वाटणी कायम होईल. आमच्या उन्हाळ्यात आनंद नव्हता काय? १४ एप्रिलची जयंती कुठे गेली? घरोघरची वर्गणी, खळ लावून दोरीला चिकटवलेल्या निळ्या पताका, रात्रभर चाललेली भीमगीते. भाड्याने आणलेला रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर. चौकात बांधलेला पांढरा पडदा, ज्याच्या मागच्या बाजूला बसणाऱ्यांना अक्षरे उलटी दिसत आणि तरीही ती उठत नसत. १९९० चा 'भीमगर्जना' असाच वस्त्यावस्त्यांत पाहिला गेला. वैशाख पौर्णिमेची खीर, ऊसतोडीहून परतलेली कुटुंबे, लग्नसराई. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींत उकाड्याने रस्त्यावर टाकलेल्या पथाऱ्या. हा आमचा 'मामाचा गाव' आहे. २०२२ च्या 'झुंड'मध्ये नागपूरच्या वस्तीतील जयंती मोठ्या पडद्यावर आली, तेव्हा आपली माणसे चित्रपटगृहात का भारावली? कारण आपला आनंद त्यांना प्रथमच एवढा मोठा दिसला.

पण एक-दोन चित्रपटांवर समाजाची स्मृती टिकत नाही. त्या चाळी पुनर्विकासात एकेक करून जात आहेत. पडदा बांधणारी पिढी थकली आहे. ज्यांनी विहिरीवर वाट पाहिली त्या आज्या आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. त्या गेल्या की आपली बाजू मांडायला कोण राहील?

तेव्हा जयंती मंडळांना आमचे सांगणे आहे. डीजेच्या एका रात्रीच्या खर्चातला थोडा भाग बाजूला काढा. वस्तीतील दहा वृद्धांना बसवून त्यांचा उन्हाळा त्यांच्याच शब्दांत मोबाईलवर चित्रित करा. पाण्याचा, कामाचा, जयंतीचा आणि हसण्याचाही. नाव, गाव, साल नीट नोंदवा, कारण तारखेशिवाय साक्ष लंगडी असते. ते चित्रण पुढच्या जयंतीला त्याच चौकात पडदा बांधून दाखवा. आणि आपल्या शिक्षक बांधवांनी मुलांना सांगावे, निबंधात आमराई नको, तुझ्या घरी मे महिन्यात काय घडते ते लिही.

त्या मुलाने वीटभट्टीवर लिहिलेल्या दहा ओळींना पूर्ण गुण मिळाले पाहिजेत. उद्याचा पटकथाकार त्याच वहीत बसला असेल.