बुटाचा आरसा करावा कीं बूट धुळींत ठेवावा ?

सध्यां आपल्या शहरांतील सुशिक्षित मंडळींत कातडी बुटांवरून दोन पंथ निघाले आहेत. पहिला आरसापंथ. याच्या मतें बुटाच्या चवड्यावर तोंड दिसलें पाहिजे. तें दिसेपर्यंत मेण चढवीत बसावें. दुसरा धूळपंथ. हा म्हणतो, खरा खानदानी मनुष्य बुटाकडे ढुंकूनही पाहत नाहीं. सुरकुत्या, ओरखडे व धूळ हीच चांगल्या बुटाची शोभा. फार चकचकीत बूट घालतो तो कालचा नवश्रीमंत. हा वाद उपाशी पोटीं सुचणारा नव्हे, हें खरें. तरीही आम्ही त्यांत पडतों. कारण त्याच्या तळाशीं जें दडलें आहे तें बुटापुरतें नाहीं.

प्रथम धूळपंथाचा समाचार घेऊं. धुळकट बूट घालून दिमाखानें हिंडणें कोणाला परवडतें ? ज्याचें आडनांव ऐकतांच खुर्ची पुढें सरकते त्याला. त्याच्या बुटावरील धुळीला लोक बेफिकिरी म्हणतात. तीच धूळ कुणब्याच्या, न्हाव्याच्या किंवा चांभाराच्या पदवीधर मुलाच्या बुटावर दिसली, कीं मुलाखत घेणारे तिला गबाळेपणा म्हणतात, आणि "शेवटीं जातीवर गेला" असा शेरा मनांतल्या मनांत मारतात. धूळ एकच, पण एकाची ती ऐट आणि दुसऱ्याचा तो गुन्हा! "बुटाकडे लक्ष देऊं नका" असा उपदेश करणाऱ्याच्या पदरीं पिढ्यानुपिढ्यांचा मान शिल्लक आहे. आमच्या मुलांना तो रोज नव्यानें मिळवावा लागतो. त्यांनीं हा उपदेश ऐकूं नये.

पायांतला जोडा ही या देशांत केवळ पाय झांकण्याची वस्तु कधींच नव्हती. वरिष्ठ म्हणविणाऱ्यांच्या आळींतून जातांना अस्पृश्य मानलेल्या बांधवांनीं वहाणा काढून हातांत घ्याव्या, असा जुलूम कित्येक गांवांत चाले. सरकारदरबारींही मासला तोच. 1862 सालीं सुरतेच्या फौजदारी अदालतींतील असेसर माणकजी कावसजी एन्टी यांनीं सेशन्स जज्जापुढें जोडे काढण्यास साफ नकार दिला. त्यांना कोर्टांत येण्याची बंदी झाली, तेव्हां त्यांनीं थेट मुंबईच्या गव्हर्नराकडे निषेधाचें पत्र धाडलें. जेथें जोडा पायांत ठेवण्यासाठींच भांडावें लागलें, तेथें जोडा नीट ठेवणें ही नुसती हौस कशी म्हणावी ?

मग आरसापंथाचें बरोबर काय ? मुळींच नाहीं. असल्या चकाकीचें वेड मुख्यतः पलटणींनीं वाढविलें. तेथें बुटाच्या तेजावरून शिपायाची शिस्त मोजतात. शिपायाला तें शोभेल. परंतु साहेबाची नजर आपल्या बुटावर पडावी म्हणून तास तास घासणारा कारकून शिस्त शिकत नाहीं, ताबेदारी शिकतो. शिवाय यांतले बरेच आरसे दुसऱ्याच्या घामानें उजळतात. मुंबईच्या रेल्वे स्थानकावर पेटीवर ब्रश ठोकीत बसलेल्या पॉलिशवाल्यापुढें पाय टाकून हे महाशय मोबाइलमध्यें डोकें खुपसतात. त्या माणसाच्या तोंडाकडे एकदांही पाहत नाहींत. पॉलिश करून घेण्यांत पाप नाहीं. तो त्याचा धंदा आहे. त्याला "दादा" म्हणून हांक मारावी व चोख दाम द्यावे. पण घरीं स्वतःचा बूट हातांत धरण्याची लाज वाटते म्हणून तो बायकोपुढें किंवा गड्यापुढें सरकवणें, ही भिक्षुकशाहीची शिकवण आपल्याही अंगांत मुरल्याची खूण होय.

दोन्ही पंथांचें मूळ एकच आहे, आणि तें म्हणजे कातड्याला हात लावण्याचा विटाळ. एक हातच लावीत नाहीं. दुसरा लावतो तो परक्याचा हात. मृदंगाला चढविलेलें कातडें देवळांत चाललें. कातडी मोटेंतून आलेलें पाणी सर्वांच्या पिकाला चाललें. चालले नाहींत ते फक्त कातडें कमावणारा ढोर आणि तें शिवणारा चांभार ! 1950 सालीं अंमलांत आलेल्या संविधानाच्या 17व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली. पण हातांतला विटाळ हातानेंच घालवावा लागतो.

आतां पॉलिश किती करावें, तें कातड्यालाच विचारा. कातडें बाभळीच्या सालीनें व हिरड्यानें कमावलेलें असो कीं कारखान्यांत क्रोमच्या क्षारांनीं, त्यांतला स्निग्धपणा गेला कीं तें घडीवर तडकतें. डबींतलें पॉलिश म्हणजे मुख्यतः मेण, रंग आणि दोहोंना पातळ करणारें द्रावण. तें वरच बसतें. ओल थोडी अडवितें, पण कातड्याचें पोट भरीत नाहीं. थरावर थर चढविले, तर बूट जेथें वांकतो तेथें ते भेगाळतात. उलट कांहींच केलें नाहीं, तर धूळ घडींत शिरून कातडें खरवडते. म्हणून घरीं आल्यावर कोरड्या ब्रशानें धूळ झाडावी. महिन्यांतून एकदोनदां ओलसर फडक्यानें पुसून थोडें क्रीम चोळावें, वर मेणाचा पातळ हात द्यावा व घासावें. एवढ्यानें येईल ती चकाकी पुरे. भिजलेला बूट चुलीपाशीं किंवा उन्हांत ठेवूं नये. आंत कागद कोंबून सावलींत वाळवावा. टांच झिजूं लागतांच, ती पार जाण्यापूर्वीं, कोपऱ्यावरच्या चांभारदादाकडे न्यावी, आणि भाजीच्या भावानें घासाघीस करूं नये.

बंधूंनो, कोणापुढें मान खालीं घालावी लागूं नये इतका आपला बूट स्वच्छ असावा. त्याच्याच तेजाकडे पाहत मान सदा खालीं राहावी इतका चकचकीत नसावा. येत्या रविवारीं सकाळीं आपले बूट आपल्याच मांडीवर घ्या. शेजारीं आईच्या वहाणा व पत्नीचे जोडेही घ्या, आणि मुलाच्या हातीं ब्रश द्या.