अनुदान तिच्या नावावर, नांगर कुणाच्या मापाचा?

मैत्रिणींनो, मागच्या उन्हाळी नांगरटीतली गोष्ट सांगते. आमच्याकडच्या एका बचत गटातल्या बायांनी कर्ज काढून १८ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर घेतला. बाईच्या नावावर अनुदान जास्त मिळतं, म्हणून घरच्यांनीही आडकाठी केली नाही. त्याला नांगर कोणता जोडायचा हे मात्र दुकानदार आणि एकीचा दीर, दोघांनी उभ्याउभ्या ठरवून टाकलं. "दोन फाळी घ्या, एका फेऱ्यात दुप्पट काम!" बायांनी ट्रॅक्टरला हार घातला, पेढे वाटले, फोटोला उभ्या राहिल्या.

काळ्या रानात पहिल्याच तासाला मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. बांधावर वळताना नांगर उचलला की पुढची चाकं अधांतरी. डिझेल पाण्यासारखं गेलं आणि रान ओरखडल्यासारखं दिसलं. ट्रॅक्टर छपराखाली गेला, हप्ता चालू राहिला. गावाने निकाल दिला, "यंत्र म्हणजे बायांचं काम नव्हे."

या निकालाविरुद्ध मला बोलायचं आहे. चूक बायांची नव्हती, मापाची होती. आणि ते माप बायांना कुणी सांगितलंच नव्हतं.

हे माप काही गूढ नाही. बचत गटाचं व्याज काढणाऱ्या कोणत्याही बाईला जमेल इतकं सोपं गणित आहे. नांगर मातीचा जेवढा पट्टा कापतो त्याची रुंदी गुणिले खोली करा. भारी काळ्या जमिनीत दर चौरस सेंटिमीटरला साधारण ७०० ग्रॅम ओढ लागते असं धरा. हलक्या रेताड जमिनीत निम्म्याहून कमी लागते. ओलीप्रमाणे हा आकडा खालीवर होतो, पण अंदाजाला पुरतो.

आता त्या दोन फाळी नांगराचा हिशोब करू. एकेक फाळ ३० सेंटिमीटर रुंद, म्हणजे दोन्ही मिळून ६०. खोली २० सेंटिमीटर. कापलेली माती १२०० चौरस सेंटिमीटर, ओढ ८४० किलो. ताशी ४ किलोमीटर चालायचं तर ८४० गुणिले ४ भागिले २७०, म्हणजे नांगराच्या जोडावर साडेबारा अश्वशक्ती हवी. इंजिनाची ताकद गिअरमधून, चाकातून, मऊ मातीतून जाताना जवळपास निम्मी खर्च होते. १८ मधली उरली ९. इथेच गणित फसलं.

त्याहून मोठी गोम वजनात आहे. असा छोटा ट्रॅक्टर ८०० किलोच्या आसपास भरतो. नुसत्या मागच्या दोन चाकांवर ओढणारा ट्रॅक्टर रानात आपल्या वजनाच्या फार तर निम्मी ओढ देतो, म्हणजे ४०० किलो. तो ८४० कुठून आणणार? इंजिन कितीही गुरगुरलं तरी चाक घसरणारच. त्याच रानात २५ सेंटिमीटरचा एकच फाळ १५ सेंटिमीटर खोल घातला तर ओढ होते २६० किलोच्या घरात. हे त्या ट्रॅक्टरला झेपतं. खोल नांगरट हवीच असेल तर काही वर्षांतून एकदा मोठा ट्रॅक्टर भाड्याने आणावा. त्यासाठी दरसाल आपला ट्रॅक्टर मारू नये.

नांगर झेपतोय की नाही हे पाहायला इंजिनिअर लागत नाही. मागच्या चाकावर खडूने खूण करा. नांगर उचलून चाक दहा वेळा फिरू द्या आणि अंतर दोरीने मोजा. मग नांगर मातीत घालून पुन्हा दहा वेळा. आधी ३० मीटर आणि आता साडेपंचवीस आलं तर घसर १५ टक्के. त्याच्या वर गेली तर रुंदी किंवा खोली कमी करा. घेण्याआधी जोडाच्या पिनाही मोजा. लहान जोडणीची खालची पिन २२ मिलिमीटरची असते, मोठीची २८. आणि नांगर अडकला तर साखळी मागच्या धुऱ्याच्या वर कधीही बांधू नका. ट्रॅक्टर मागे उलटून चालवणारीच्या अंगावर येतो.

एवढंच ज्ञान आहे. मग ते बाईपर्यंत का पोचत नाही?

कारण नांगर हे फक्त अवजार नाही, तो मालकीचा दाखला आहे. बाईने नांगराला हात लावणं अशुभ, ही समजूत देशाच्या अनेक भागांत आहे. बीना अगरवाल यांनी १९९४ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिलं की या बंदीमुळे जमीन असलेली बाईसुद्धा पुरुषावर अवलंबून राहते. नांगरट वेळेत होणं पुरुषाच्या मर्जीवर, म्हणजे पीकही त्याच्याच मर्जीवर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनतं म्हणून शेतकरी तो घेईनात. ती समजूत कधीच मेली. फायदा दिसला की समजुती मरतात! बाईची बंदी मात्र लाकडी नांगरावरून लोखंडी नांगरावर आणि तिथून ट्रॅक्टरवर आली, कारण तिच्यात कुणाचा तरी फायदा आहे.

हेही बघा, शेतीत सर्वात आधी यंत्र कुठे आलं? नांगरटीत, म्हणजे पुरुषाच्या कामात. खुरपणी, लावणी, कापूस वेचणी अजूनही बहुतेक ठिकाणी बाईच्या कमरेवरच चालते.

सरकार काय करतं? २०१४-१५ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या यांत्रिकीकरण उपअभियानात महिलांना अवजारांवर ५० टक्क्यांपर्यंत अनुदान ठेवलं, सर्वसाधारण शेतकऱ्याला ४०. ही तरतूद चांगलीच आहे. पण त्या दहा टक्क्यांसाठी बाईचं नाव कागदावर चढतं आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात जाते. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटीच्या खातेदारांत बाया सुमारे १४ टक्के होत्या. त्यांतल्या किती जणींनी आपला नांगर स्वतः निवडला, हे गणनेत विचारलंच जात नाही.

आणि आता आपल्याकडे बोट. सातबाऱ्यावर नाव लागावं म्हणून आपण मोर्चे काढले, ते बरोबरच होतं. पण यंत्राचा विषय आला की आपणही 'तांत्रिक' म्हणून सोडून देतो. आपल्या शिबिरांत कायदा असतो, आरोग्य असतं, गाणी असतात. पाना आणि मोजपट्टी नसते. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केलं, त्याचे फलक आपणही लावले. फलकावरच्या बाईच्या हातात विळाच होता ना?

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. बाईच्या नावावर अवजाराचं अनुदान देताना तिलाच ते चालवायचं, जोडायचं आणि दुरुस्तीचं शिक्षण मिळालं पाहिजे, तेही तिच्या गावात, तिच्या वेळेला. विक्री करणाऱ्याने नांगराची रुंदी, वजन आणि त्याला लागणारी अश्वशक्ती मराठीत लिहून द्यावी. गटाच्या रानात चालवून दाखवल्याशिवाय नांगराचे पैसे चुकते होऊ नयेत.

त्या गटातल्या बाया अजून हप्ता भरताहेत. दोन फाळी नांगर तोट्यात विकून त्यांनी एक फाळी घेतलाय. तो घ्यायला त्या स्वतः गेल्या, दोरी आणि मोजपट्टी बरोबर नेली. दीर घरीच होते.

पुढच्या शिबिरात एक दिवस रानात ठेवू या. येताना खडू आणा.