दहा तासांचा दिवस: तुमच्या ओव्हरटाइमचा हिशोब आता आठवड्यावर, मग नोंद कशी ठेवाल?

३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने कामाच्या तासांबद्दल निर्णय घेतला आणि 'आता रोज दहा तास राबायचं का?' अशी चर्चा सुरू झाली. पण या बातमीत एक गणित लपलेलं आहे, ज्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. अंधेरीच्या सीप्झमध्ये, मालाडच्या आयटी पार्कमध्ये किंवा घाटकोपरच्या एखाद्या शोरूममध्ये काम करत असाल, तर ते समजून घ्या.

नेमकं काय बदललं?

दुकानं आणि खासगी ऑफिसेससाठी महाराष्ट्रात २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. त्यात दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा होती. नव्या निर्णयात दिवसाची मर्यादा १० तास झाली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा तशीच राहिली. तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची कमाल मर्यादा १२५ वरून १४४ तासांवर गेली. ओव्हरटाइमला दुप्पट दर हा नियम कायम आहे. हे बदल २० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणांसाठी आहेत. मॅनेजर पातळीवरची पदं मात्र या तासांच्या नियमातून बाहेर असतात.

आता गणित बघा

समजा तुम्ही आठवड्यातले पाच दिवस, लंच ब्रेक वजा करून, रोज साडेनऊ तास काम करता. जुन्या नियमात रोजचा अर्धा तास ओव्हरटाइम होता. म्हणजे आठवड्याला अडीच तास आणि १३ आठवड्यांच्या तिमाहीत साडेबत्तीस तास. नव्या नियमात हाच माणूस दिवसाच्या मर्यादेत बसतो, आणि आठवड्याची बेरीज साडेसत्तेचाळीस होते. ओव्हरटाइम शून्य!

आता उलटं उदाहरण. सहा दिवस, रोज ८ तास २० मिनिटं. एकही दिवस 'जास्त' वाटत नाही. पण बेरीज ५० तास होते, म्हणजे दर आठवड्याला २ तास ओव्हरटाइम. शनिवार आलटूनपालटून असेल तर हा घोळ अजून वाढतो.

थोडक्यात, आधी 'आज किती वाजता निघालो' एवढं लक्षात ठेवून भागत होतं. आता आठवड्याची बेरीज हवी. ती डोक्यात राहत नाही, त्यामुळे नोंद लागतेच.

ऑफिसकडे नोंद असतेच की!

असते, पण ती ऑफिसच्या कामाची असते. पंचिंग मशीन तुम्ही गेटमधून कधी आत आलात ते सांगतं. रात्री साडेदहाला घरून केलेला कॉल किंवा रविवारी व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल तिथे दिसत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत 'राइट टू डिस्कनेक्ट'चं खासगी विधेयक मांडलं, ते याच प्रश्नावर. खासगी विधेयकं क्वचितच कायदा होतात, त्यामुळे तोवर आपली वही आपणच लिहायची.

कोणतं टूल घ्यायचं?

*टॉगल ट्रॅक, क्लॉकिफाय:* काम सुरू करताना बटण दाबा, संपल्यावर पुन्हा दाबा. आठवड्याची बेरीज आपोआप मिळते आणि दोन्हींचे फ्री प्लॅन एका माणसाला पुरतात. डेटा त्यांच्या सर्व्हरवर जातो, म्हणून क्लायंटचं नाव लिहू नका. 'प्रोजेक्ट १' पुरेसं आहे.

*ॲक्टिव्हिटीवॉच:* ओपन सोर्स आहे आणि डेटा तुमच्याच मशीनवर राहतो. पण ते स्वतःच्या लॅपटॉपवरच टाका. ऑफिसच्या लॅपटॉपवर परवानगीशिवाय काहीही इन्स्टॉल करणं महागात पडू शकतं.

*गूगल मॅप्स टाइमलाइन:* बटण दाबायला विसरत असाल तर हे कामी येतं. ऑफिसला कधी पोहोचलात, कधी निघालात हे फोनवरच साठतं. आयफोनवर शॉर्टकट्स ॲपमध्ये 'पोहोचल्यावर' आणि 'निघाल्यावर' असं ऑटोमेशन लावता येतं.

*डिजिटल वेलबीइंग:* यावर विसंबू नका. ते स्क्रीनचा वेळ मोजतं, कामाचा नाही. बॉसचा मेसेज आणि मित्राचं मीम, दोन्ही त्याला व्हॉट्सॲपच वाटतात.

किती बारीक नोंद ठेवायची?

इथेच बहुतेक जण अडकतात. पंधरा-पंधरा मिनिटांचे रंगीत ब्लॉक करतात आणि चार दिवसांत सोडून देतात. कायद्यापुरत्या चारच गोष्टी पुरतात: सुरुवात, शेवट, ब्रेक आणि घरून केलेलं काम. गूगल शीटमध्ये चार कॉलम झाले की काम झालं. शनिवारी बेरीज करा आणि ती स्वतःच्या पर्सनल ईमेलवर पाठवा, म्हणजे तारीख-वेळ आपोआप पडते. ही नोंद एकटी अंतिम पुरावा ठरेलच असं नाही. पण एचआरसमोर 'खूप काम असतं' म्हणण्यापेक्षा 'गेल्या तिमाहीत २६ तास जास्त' म्हणणं केव्हाही वजनदार!

प्रवासाचा कॉलम वेगळा ठेवा. बोरिवली ते अंधेरीचा वेळ कायद्याने कामात धरला जात नाही. पण वर्क फ्रॉम होम मागताना किंवा नवी नोकरी निवडताना तो आकडा हाताशी असलेला बरा.

याच मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि १८९० मध्ये कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. आपला प्रश्न तेव्हाच्या मानाने छोटा आहे आणि साधन खिशातच आहे. येत्या सोमवारपासून फक्त चार आठवडे नोंद ठेवून बघा. ४८ च्या वर जाताय की खाली, हे निदान तुम्हाला तरी कळेल.