तारण कुणी ठेवायचे?

अमेरिकेत मे महिन्याचा शेवटचा सोमवार हुतात्मा सैनिकांच्या स्मरणाचा दिवस असतो, आणि त्याच दिवशी तेथे महाविद्यालयीन मुलांच्या लॅक्रॉस स्पर्धेचा अंतिम सामना होतो. लांब दांड्याच्या टोकाला जाळी बांधलेली, तिच्यात चेंडू झेलायचा, धावायचे आणि गोल करायचा, असा हा खेळ. मूळचा तो उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींचा. 1971 साली ही राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली तेव्हा कॉर्नेल विद्यापीठाने मेरीलँडला हरवून पहिले अजिंक्यपद मिळवले. 2025 च्या मे महिन्यात पुन्हा तेच दोन संघ समोरासमोर आले आणि पुन्हा कॉर्नेलच जिंकले, 13 विरुद्ध 10 गोलांनी. मधल्या काळात 1976 आणि 1977 अशी दोन अजिंक्यपदे त्यांच्या नावावर होती, पण त्यानंतर 48 वर्षे त्यांना वाट पाहावी लागली.

हिंगोली जिल्ह्यातल्या जवळा बाजारच्या माणसाला या खेळाशी काय देणेघेणे, असे वाचकांना वाटेल. पण थोडे आहे. 16 ऑक्टोबर 2023 रोजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची बैठक आपल्या मुंबईत भरली होती. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पाच खेळांना प्रवेश देण्याचा निर्णय त्या बैठकीत झाला. क्रिकेट आले म्हणून आपण फटाके वाजवले. त्याच यादीत लॅक्रॉसही होता, याकडे कुणाचे लक्ष गेले नाही. कबड्डी मात्र त्या यादीत नव्हती. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले होते. त्याला आता नव्वद वर्षे होत आली. 1990 पासून कबड्डी आशियाई स्पर्धेत आहे, 2014 पासून तिची व्यावसायिक लीग आहे, पण ऑलिंपिकचे दार अजून बंदच आहे.

लॅक्रॉसला हे दार पुन्हा उघडले, त्यामागे एक कारण महाविद्यालयांचेही आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ तिकडच्या महाविद्यालयांनी हा खेळ सांभाळला, त्याच्या नोंदी ठेवल्या, त्याला प्रेक्षक मिळवून दिले. खेळ मातीत जन्मतो हे खरे, पण तो टिकतो संस्थांच्या वहीत. प्रश्न आहे तो आपल्या महाविद्यालयांनी कबड्डीसाठी ही वही कशी ठेवली याचा.

आपल्याकडची शिडी वाचकांना ठाऊक असेलच. जवळा बाजार, औंढा, वसमत, हिंगोली येथली महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतात. हे विद्यापीठ 1994 साली स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे त्याच्याकडे आहेत. आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यातून विद्यापीठाचा संघ, मग पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, तेथून अखिल भारतीय, आणि 2020 पासून तिच्याही वर खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा. कागदावर ही शिडी सरळ आहे. हळदीच्या आणि उसाच्या रानातून आलेला मुलगा पहिल्या पायरीवर पाय ठेवतो तेव्हा त्याच्यासमोर ती पूर्ण उभी असते. पण बहुतेक मुले दुसऱ्या पायरीवरूनच परत येतात, आणि त्याचे कारण नेहमी खेळातले कमीपण नसते. मातीवर तालीम केलेल्या मुलाला तेथे पहिल्यांदा मॅटवर, पायात बूट घालून चढाई करावी लागते. घसरण्याचा अंदाज चुकतो, गुडघा चुकतो, आणि तीस सेकंदांची चढाई संपते.

मुळात हा मुलगा खेळतो कशासाठी? पहाटे औंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर धावणारी पोरे पाहिली की उत्तर मिळते. त्यांतली निम्मी पोलीस भरतीच्या 1600 मीटरसाठी धावत असतात. कबड्डीचे मैदान आणि भरतीचे मैदान त्यांच्या मनात वेगळे नाही. व्यावसायिक लीगच्या 2022 च्या लिलावात पवन सेहरावत या खेळाडूला 2 कोटी 26 लाख रुपयांची बोली लागली, हे त्यांना तोंडपाठ आहे. पण घरच्यांना हवी असते ती महिन्याच्या एक तारखेला येणारी रक्कम. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. कोणत्या पदासाठी कोणत्या पातळीवरचे प्रावीण्य लागते, हे शासननिर्णयात ठरवून दिलेले आहे. महाविद्यालयाच्या संघातून खेळणे ही तिकडे जाणारी केवळ पहिली पायरी. तरीही दोन एकर कोरडवाहू रानाच्या घरात त्या पायरीची किंमत मोठी असते. बाप मुलाला सांगतो, खेळ, पण कागद घेऊन ये.

येथेच घोळ सुरू होतो. ज्या कागदामागे नोकरी आहे त्या कागदाचा बाजार भरणारच. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे गेल्या काही वर्षांत मराठवाड्यातही गाजली. ज्या खेळांची मैदाने कुणी पाहिली नाहीत, अशा खेळांची प्रमाणपत्रे निघाली. नुकसान झाले ते खरोखर गुडघे फोडून घेणाऱ्या मुलाचे, कारण त्याचा खरा कागदही आता संशयाने पाहिला जातो आणि पडताळणीच्या फायलीत अडकून पडतो.

यावर आपण म्हणतो, पैसा नाही. हे अर्धेच खरे आहे. छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय क्रीडा संकुल समितीच्या खात्यातून 2024 च्या जुलै ते डिसेंबर या काळात 21 कोटी 59 लाख रुपये वळते झाल्याचे उघड झाले. पोलिसांकडे आलेल्या तक्रारीनुसार, कंत्राटावरच्या एका कर्मचाऱ्याने खोट्या पत्राच्या आधारे खात्याशी जोडलेला ईमेल बदलला आणि इंटरनेट बँकिंग सुरू करून घेतले. त्याचा पगार महिन्याला सुमारे 13 हजार. महागड्या मोटारी आणि फ्लॅटच्या खरेदीच्या बातम्या आपण चवीने वाचल्या. गुन्हा कुणाचा, ते न्यायालय ठरवील.

माझी हयात बँकेच्या काउंटरमागे गेली, म्हणून मला मोटारीपेक्षा दुसरीच गोष्ट खटकली. चोरी करणारा कोणत्याही कचेरीत निघू शकतो. पण पाच महिने खात्याचे स्टेटमेंट कुणीच वाचले नसेल काय? बँकेत नव्याने लागलेल्या कारकुनालाही पहिल्या आठवड्यात शिकवतात की महिनाअखेर ताळमेळ लागल्याशिवाय घरी जायचे नाही. दोन सह्यांचे खाते म्हणजे दोन माणसांनी डोळे उघडे ठेवायचे खाते. दोघांनी एकमेकांवर विसंबून सही केली, तर ते बिनसहीचेच खाते झाले. म्हणजे पैसा अगदीच नव्हता असे नाही. त्याच्याकडे आपला म्हणून पाहणारे कुणी नव्हते.

आता पुन्हा अमेरिकेकडे पाहू. तेथे महाविद्यालयीन खेळ हा फार मोठा धंदा झाला आहे. जून 2025 मध्ये तेथील न्यायालयाने मान्य केलेल्या एका तडजोडीनुसार, विद्यापीठांना आता आपल्या खेळाडूंना उत्पन्नातला वाटा थेट देता येतो. त्याची पहिल्या वर्षाची मर्यादा एका विद्यापीठामागे सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर, म्हणजे आपल्या पावणेदोनशे कोटी रुपयांच्या आसपास. हे आकडे ऐकून आपले डोळे फिरतात. पण 2025 चे अजिंक्यपद ज्या कॉर्नेलने मिळवले, ते विद्यापीठ ज्या आयव्ही लीग गटात आहे तो गट खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाही. तेथे मदत मिळते ती मुलाच्या घरची गरज पाहून. त्या गटाने वाटा देण्याच्या तडजोडीतही भाग घेतला नाही. कॉर्नेल काही गरीब संस्था नव्हे. तिची मैदाने, तिचे प्रशिक्षक आपल्या स्वप्नातही येणार नाहीत. तरीसुद्धा, खेळाडूच्या हातात अधिक पैसा ठेवणारी विद्यापीठे मागे राहिली आणि न ठेवणारे जिंकले, एवढे तरी लक्षात घ्यावे.

पण त्यासाठी अमेरिकेला जाण्याची गरज नाही. आपल्या कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात 1940 च्या दशकात गोळेश्वरचा एक ठेंगणा विद्यार्थी होता. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत त्याला उतरू द्यायला क्रीडाशिक्षक तयार नव्हते, म्हणून तो थेट प्राचार्यांकडे गेला आणि त्यांनी परवानगी दिली, असे सांगतात. तो विद्यार्थी म्हणजे खाशाबा जाधव. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. 1952 मध्ये हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पैसे नव्हते. प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून 7 हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्या प्रवासातून आले. खाशाबांचा जन्मदिवस, 15 जानेवारी, आता राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी भाषणे होतात, पण खर्डेकरांच्या गहाणखताची आठवण क्वचितच कुणी काढते.

बँकेत मी असंख्य गहाणखते पाहिली. विहिरीसाठी, लग्नासाठी, दुकानासाठी घर तारण ठेवणारे पाहिले. दुसऱ्याच्या पोरासाठी घर तारण ठेवणारा एकही पाहिला नाही. आजच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवावे, अशी अपेक्षा कुणी करणार नाही, करूही नये. पण वेळ आणि नाव, एवढे तारण तरी त्यांना ठेवता येईल.

यासाठी फार मोठी योजना नको. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतल्या प्रत्येक सामन्याचा गुणतक्ता, दोन्ही संघांतील खेळाडूंच्या नावांसह, त्याच संध्याकाळी विद्यापीठाने सर्वांना पाहता येईल असा प्रसिद्ध करावा. दहा वर्षांनी कुणी प्रमाणपत्र घेऊन आला तर पडताळणीला दहा मिनिटे लागतील, आणि खोटे प्रमाणपत्र छापणाऱ्याला नाव घुसवायला जागाच राहणार नाही. विद्यार्थ्यांच्या क्रीडाशुल्काचा जमाखर्च महाविद्यालयाच्या सूचना फलकावर दर तिमाहीला लागावा. प्रवासखर्च आणि भत्ता स्पर्धेनंतर नव्हे, आधी, आणि मुलाच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हावा. शारीरिक शिक्षण संचालकाची रिकामी जागा भरावी. आणि चार-पाच महाविद्यालयांत मिळून एक तरी मॅट असावी, म्हणजे नांदेडला गेल्यावर मुलगा पहिल्याच चढाईत घसरणार नाही.

यात गावाचाही वाटा आहे. जयंतीला, यात्रेला कबड्डीचे सामने भरवायला गावात वर्गणी जमते. चांदीचा चषक येतो, पाहुणे येतात, फेटे बांधले जातात. त्याच वर्गणीतून एखाद्या वर्षी चषकाऐवजी सात मुलांना मॅटवरचे बूट घेऊन दिले तर कुणाचा मान कमी होणार नाही. हिशेब मात्र चावडीवर लावावा.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे, महाराष्ट्राचे होते. म्हणजे मातीत दम आहे, याविषयी शंका नको. कबड्डी ऑलिंपिकमध्ये कधी जाईल ते आपल्या हातात नाही. पण येत्या हंगामात जवळा बाजारचा एखादा मुलगा विद्यापीठाच्या निवड चाचणीला निघेल, तेव्हा त्याच्या खिशात तिकिटाचे पैसे आहेत की नाहीत, हे आदल्या दिवशी त्याला विचारणे आपल्या हातात आहे.