सार्जंट कॅथरीन आणि आपला ठाणेदार

इंग्लंडच्या वेस्ट यॉर्कशायरमधले एक खोरे, तिथली गिरण्यांची जुनी गावे, नशेच्या नादी लागलेली पोरे आणि त्यांच्या मागे धावणारी सत्तेचाळीस वर्षांची सार्जंट कॅथरीन केवूड. सॅली वेनराइट यांची ‘हॅपी व्हॅली’ ही बीबीसीची मालिका २०१४ ते २०२३ या काळात तीन पर्वांत आली. अशा मालिका आता मोबाइलवरून घाटावरच्या चिखली-मेहकरात पोहोचल्या आहेत आणि घाटाखालच्या मलकापूर-खामगावातही. पहाटे मैदानावर १६०० मीटर धावून पोलीस भरतीची तयारी करणारी पोरेही त्या बघतात. या बघण्याने पोलिसाविषयीची समज वाढते की बिघडते, हा प्रश्न म्हणूनच आपल्या बुलढाणा जिल्ह्याचाही आहे.

वाढते, असे म्हणायला भक्कम आधार आहे. आपल्या घरांत पोलीस शिरला तो प्रामुख्याने १९९८ साली सुरू झालेल्या ‘सीआयडी’मधून. दार फोडायचे, कानाखाली वाजवायची आणि तासाभरात गुन्हा उघड. कॅथरीन गणवेशातली साधी पोलीस आहे, आपल्याकडच्या बीट जमादाराच्या जवळची. तिला दारुडे आवरावे लागतात, नवख्या शिपायांना सांभाळावे लागते, पकडलेल्या नगरसेवकामुळे वरून येणारे दडपण सोसावे लागते. घरी नातवाला वाढवायचे आहे आणि गेलेल्या मुलीचे दुःख संपत नाही. वर्दीतल्या माणसाचा थकवा इतक्या सच्चेपणाने दाखवणारी मालिका मराठीत मला आठवत नाही.

आपल्याकडचा थकवा कुठे असतो, तेही पाहू. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर बस पेटली आणि २५ जण गेले. त्यानंतर पोलिसांना देह बाहेर काढणे, ओळख पटवणे, नातेवाइकांना सामोरे जाणे हे सगळे करावे लागले. तिथे पाठलाग नव्हता, खलनायक नव्हता. पोलिसाच्या कामाचा मोठा हिस्सा असाच असतो.

आता दुसरी बाजू. ब्रिटिश मालिकांतले सर्वांत रंगतदार दृश्य चौकशीच्या खोलीतले असते. ध्वनिमुद्रण सुरू होते, शेजारी वकील बसतो आणि शेवटी संशयित कबूल होतो. ती पद्धत १९८४ च्या त्यांच्या कायद्यातून आली. आपल्याकडे मात्र पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ होते, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३ आहे. आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली, तर तेवढ्यापुरताच त्याच्या जबाबाचा भाग ग्राह्य धरतात. म्हणून आपला खटला पंचनामा, जप्ती आणि साक्षीदार यांवर उभा राहतो. ज्या गावात आरोपी, फिर्यादी आणि पंच एकाच पारावर बसतात, तिथे पंच फितूर होणे ही पडद्यावर क्वचितच दिसणारी, पण निकाल फिरवणारी गोष्ट आहे. पोलिसांनी वदवून घेतले की काम झाले, ही समजूत मालिकेतून घेतलेला प्रेक्षक अशा खटल्यातल्या सुटकेकडे संशयानेच बघणार.

मला याहून मोठी काळजी मारहाणीची वाटते. पहिल्या पर्वाच्या अखेरीस कॅथरीन आपल्या मुलीच्या गुन्हेगाराला हाती लागल्यावरही तुडवते आणि आपण मनातून तिच्या बाजूने असतो. लेखिका तिचे समर्थन करत नाही हे खरे, तरी टाळी पडतेच. हाच प्रश्न मराठी लेखकांनी फार आधी, जास्त कठोरपणे मांडला होता. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ कथेवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि गोविंद निहलानींनी १९८३ मध्ये ‘अर्धसत्य’ केला. त्यातला पोलीस अधिकारी वेलणकर प्रामाणिक आहे, चिडलेला आहे, आणि त्याच्या हातून कोठडीत एक भुरटा चोर मरतो. तिथे टाळी वाजवायला हात उचलत नाही. कोठडीतल्या मारहाणीला सरावलेल्या समाजाला हा चित्रपट ‘हॅपी व्हॅली’पेक्षा अधिक उपयोगाचा आहे, असे मी म्हणेन.

तरीही परदेशी मालिका टाळा, असे मी सांगणार नाही. त्यांतले चौकशीचे ध्वनिमुद्रण पाहून कुणा तरुणाने विचारावे की आपल्या ठाण्यात हे का नाही, तर ती मोठीच कमाई होईल. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावायला सांगितले आहे. १ जुलै २०२४ पासून झडती-जप्तीचे चित्रीकरण कायद्यानेच बंधनकारक आहे. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञ नेण्याची तरतूद आहे, मात्र ती लागू करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत मिळाली आहे. जळगाव जामोद, संग्रामपूरसारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांत ती कधी पोहोचते, यावर आमदारांनी विधिमंडळात आणि पत्रकारांनी पोलिसांच्या वार्षिक आढाव्यात प्रश्न विचारले पाहिजेत.

भरतीच्या अकादम्यांनाही एक विनंती आहे. मैदानाच्या ५० आणि लेखीच्या १०० गुणांची तयारी करून घेताना एखादी संध्याकाळ ‘अर्धसत्य’ला द्या, एखादी ‘हॅपी व्हॅली’ला. नंतर निवृत्त तपास अधिकाऱ्याला आणि जिल्हा न्यायालयातल्या एखाद्या वकिलाला एकत्र बसवा. कोठडीतला तो भुरटा चोर आपल्या हद्दीतला असता तर स्टेशन डायरीत काय लिहिले असते, हे पोरांना त्या दोघांसमोर लिहून काढू द्या.