नंदेसरीचे छायाचित्र-त्रैमासिक कोणी काढील काय?

छायाचित्रांचे नियतकालिक काढणे हा एके काळी श्रीमंतांचा किंवा वेड्यांचा उद्योग होता. लेखाला खिळे जुळवले की भागे. छायाचित्राला मात्र ब्लॉक हवा, आणि ब्लॉक म्हणजे खर्च. जाळीच्या काचेतून चित्राचे ठिपके पाडावयाचे, ते जस्ताच्या वा तांब्याच्या पत्र्यावर उतरवावयाचे, पत्रा आम्लात कोरावयाचा आणि त्याचा हिशेब चौरस इंचावर द्यावयाचा. एवढे करूनही कागद हलका निघाला तर ठिपके शाईत बुडत व मुखड्याचे काजळ होई. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्यापूर्वी याच धंद्यात घडले. गोध्र्यास त्यांनी छायाचित्रांचा स्टुडिओ थाटला. प्लेगने पत्नी व मूल नेल्यावर तो मोडला. पुढे लोणावळ्यास रविवर्म्याच्या छापखान्यात ते शिळाछपाईच्या कामास लागले.

आज तो सारा व्याप नाहीसा झाला आहे. खिशातल्या मोबाइलवर काढलेले चित्र, ‘स्क्रायबस’सारखी फुकट मिळणारी पानजुळणीची प्रणाली, ‘मुक्त’सारखा विनामूल्य देवनागरी टंक, आणि कोपनहेगनहून २००६ साली सुरू झालेल्या ‘इश्यू’सारखा पाने उलटून दाखविणारा मंच, इतक्या भांडवलावर अंक निघतो. त्याला ब्लॉक, कागद, टपाल काहीच लागत नाही. दिल्लीच्या ‘पिक्स’ने छायाचित्रालाच वाहिलेले नियतकालिक आपल्याकडे चालू शकते हे दाखवून दिले आहे. मग प्रश्न असा की, कारागीर, चित्रकार आणि छायाचित्रकार यांनी भरलेल्या या शहरातून असे एखादे त्रैमासिक का निघू नये? आणि निघावयाचे तर आमची सूचना अशी की, त्याने राजवाड्यांची व कीर्तिमंदिराची चित्रे तूर्त बाजूस ठेवावीत व नंदेसरीपासून आरंभ करावा.

बाजवा आणि रणोली सोडले की नंदेसरीचे स्टेशन येते. पुढे महीचा पूल व वासद. अहमदाबादेकडे जाणाऱ्या बडोदेकराला या स्थानकाची ओळख बहुधा नाकाने होते. औद्योगिक वसाहत उभी राहून अर्धशतक उलटले, रसायनांचे कारखाने वाढले, पोटासाठी परप्रांतांतून माणसे आली, मूळ गाव वसाहतीच्या कडेला राहिले. या स्थित्यंतराचा चित्ररूप आलेख सामान्य वाचकाच्या हाती कोठे आहे? २ जून २०२२ रोजी तेथील एका रासायनिक कारखान्यास मोठी आग लागली, आसपासच्या शेकडो लोकांना हलवावे लागले. धुराच्या लोटाची चित्रे त्या संध्याकाळी हजारो मोबाइलांवर फिरली. आठवड्याने ती कोणी पाहिली? धुरानंतरची चित्रे, म्हणजे परत आलेली कुटुंबे, बंद दारे, पुन्हा भरलेली पाळी, ही वर्तमानपत्राच्या कामाची नसतात. ती नियतकालिकाच्या कामाची असतात.

साधने सुलभ झाली म्हणून संपादक सुलभ झाला असे मात्र कोणी समजू नये. उलट पूर्वी ब्लॉकचे बिलच अर्धे संपादन करी! बारा चित्रांचे पैसे नसत म्हणून तीनच छापावी लागत, आणि ती तीन कोणती यावर रात्र जागवली जाई. आता तीनशे चढविता येतात, म्हणून चढविली जातात. या बाबतीत बडोद्याला धडा घेण्यास दूर जावयास नको. १९६९ ते १९७३ या काळात गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर यांनी येथून ‘वृश्चिक’ नावाचे चिमुकले मासिक चालविले. खख्खर पेशाने हिशेबतपासनीस, त्यामुळे पैशाचे गणित त्यांना ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. लिनोवर कोरलेली चित्रे, थोडी पाने, आणि ललित कला अकादमीच्या कारभारावर बेधडक टीका. अंक लहान होता, पण त्यात कोणीतरी निवड केलेली होती. म्हणूनच एशिया आर्ट अर्काइव्हने पुढे त्याचे अंक संगणकावर जतन केले व आज ते कोणालाही वाचता येतात. ज्योती भट्ट यांनी १९६७ पासून गावोगाव हिंडून टिपलेल्या भिंतीवरील चित्रांचे व अंगणातील रांगोळ्यांचे संचितही त्याच संस्थेने सांभाळले आहे. मूळ भिंतींपैकी कित्येक सारवल्या गेल्या, पडल्या, छायाचित्रे उरली.

उरण्याचा हा प्रश्न नव्या नियतकालिकांना फार जाचणार आहे. पाने उलटणारे कितीएक अंक ‘फ्लॅश’ या तंत्रावर रचलेले होते. २०२० च्या अखेरीस त्याचा आधार काढून घेतला गेला आणि ते अंक मुके झाले. पुस्तकाला वाळवी लागते तरी चार पाने वाचता येतात. येथे तेही नाही. १९५४ चा ग्रंथ-प्रदान कायदा छापील प्रतींपुरता आहे, तेव्हा सरकारी ग्रंथालय आपला अंक आपोआप जपेल या भरवशावर राहू नये. प्रत्येक अंकाची एक साधी पीडीएफ प्रत इंटरनेट अर्काइव्हवर ठेवावी, दहा-वीस प्रती कागदावर छापून एक मध्यवर्ती ग्रंथालयास, एक ललितकला विद्याशाखेस द्यावी. आयएसएसएन क्रमांक दिल्लीहून विनामूल्य मिळतो. तो घेण्याचा आळस करू नये. चित्राखाली गाव, महिना, वर्ष आणि काढणाऱ्याचे नाव असावेच.

नावाचा मुद्दा वाटतो तितका सरळ नाही. होमाई व्यारावाला यांची आरंभीची छायाचित्रे पतीच्या नावाने छापली गेली. देशातील पहिली स्त्री वृत्तछायाचित्रकार ती हीच, हे कळण्यास वाचकांना वेळ लागला. उत्तरायुष्य त्यांनी आपल्या बडोद्यातच घालविले व २०१२ साली येथेच त्यांचे निधन झाले. तेव्हा ज्याचे चित्र त्याचे नाव, हा न्याय खरा. पण नंदेसरीत चित्र काढणारा जर स्वतः कारखान्यातला कंत्राटी कामगार असेल, तर छापलेले नाव त्याची रोजी घालवू शकते. चित्रात दिसणाऱ्या सहकाऱ्यालाही तोच धोका. कारखान्यांच्या आत मोबाइल नेण्यास मनाई असते, आणि ज्वालाग्राही पदार्थांजवळ ती योग्यही आहे. संपादकाने तेथील चोरटी चित्रे मागू नयेत. फाटकाबाहेरचे जग पुरेसे मोठे आहे. नावाविषयी होमाईबाईंनीच तोड दाखवून ठेवली आहे. ‘डालडा १३’ हे त्यांचे टोपणनाव, मोटारीच्या क्रमांकावरून व १९१३ या जन्मवर्षावरून घेतलेले. कामगारांनी अशी टोपणनावे घ्यावीत. खरे नाव संपादकाच्या वहीत राहील, आणि तो मनुष्य सांगेल तेव्हा उघड होईल.

मजकूर गुजराती, हिंदी व मराठी तिन्हींत असावा, कारण त्या फाटकाबाहेर तिन्ही ऐकू येतात. इंग्रजीची घाई नको. पहिल्या अंकाला विषय हवा असेल तर आम्ही एक सुचवितो. या पट्ट्यातील कारखान्यांचे सांडपाणी वाहून नेणारा कालवा १९८३ पासून चालू आहे. सुमारे ५६ किलोमीटर शेते व गावे ओलांडून तो जंबुसर तालुक्यात सारोदजवळ महीच्या मुखाशी पोहोचतो. दोघातिघांनी मोबाइल घेऊन त्याच्या काठाने, जमेल तेवढे, पायी जावे. दर गावाला एक चित्र, त्याखाली चार ओळी. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा.